छपरातल्या एका खिडकीची किंमत

मी कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघते. यजमानीणबाई "या ना, बसा" म्हणत असतात, कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करतं, आणि माझी मान वर. नवा रंग कुठे दिलाय? एकाच कोपऱ्यात का दिलाय? मग गप्पा मारता मारता मी हळूच त्या कोपऱ्याखाली जाऊन उभी राहते. आमचे हे कानात सांगतात, "सुनंदा, आपण बारशाला आलोय." असू दे. बारशाच्या घरात पाणी मुरत नाही असं थोडंच आहे!

माझी नोकरीच तशी होती. घरं वाढवून आणि दुरुस्त करून देणाऱ्या न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी एस्टिमेटर होते. म्हणजे घर बघायचं, मोजायचं आणि काम सुरू होण्याआधी त्याला किती खर्च येईल ते सांगायचं. आकडा कमी सांगितला तर कंपनी बुडते, जास्त सांगितला तर गिऱ्हाईक पळतं. सांगलीहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेली मी. मालक सॅल, इटालियन घरातला, मला कायम 'सू' म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "सू, आधी वास घे, मग टेप काढ." मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. ओल, उंदीर, जळलेली वायर, फुटकी ड्रेनेजची लाइन, सगळ्यांना आपापला वास असतो आणि घरमालकाने कितीही अगरबत्त्या लावल्या तरी तो लपत नाही. उलट दुपारी अगरबत्ती लागलेली दिसली की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायचीच.

गिऱ्हाइकं सरळ खोटं बोलत नाहीत. ती फक्त एखादं दार उघडून दाखवत नाहीत. एका डेंटिस्ट जोडप्याने मला तीन वेळा जिन्याची जागा बदलायला लावली. दर वेळी नवं कारण. कधी फर्निचर, कधी उजेड, कधी "असंच, फील येत नाही." चौथ्या वेळी टेबलावर उभा केलेला फोन माझ्याकडे बघून खाकरला. पुण्याचे वास्तुतज्ज्ञ व्हिडिओवर सुरुवातीपासून हजर होते आणि बाईंनी त्यांना फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलं होतं. मी त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "काका, नैर्ऋत्येला जिना घ्यायचा तर घराचा मुख्य बीम कापावा लागेल. तेवढी शांत करता का?" फोन लगेच बंद झाला. असली माणसं परवडली. मला भीती वाटायची ती "तुम्ही आपल्याच आहात" म्हणणाऱ्यांची. हे वाक्य आलं की पुढे "परमिट न काढता आतल्या आत करू" तरी येतं, नाहीतर "त्या बाजूला काही नाही, तिकडे बघायची गरज नाही" तरी.

सबनीस काकांनी दोन्ही वाक्यं पहिल्या दहा मिनिटांत म्हटली.

ही अलीकडची गोष्ट, माझ्या निवृत्तीच्या अगदी तोंडावरची. सबनीस काका म्हणजे केमिकल इंजिनियर, अमेरिकेत फार पूर्वी आलेल्या पिढीतले, एडिसनच्या त्यांच्या गल्लीतलं पहिलं भारतीय घर त्यांचं. आता ऐंशीला टेकलेले. घर जुन्या पद्धतीचं, 'केप' म्हणतात तसं: खाली स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर उतरत्या छपराखाली एक बुटकी खोली आणि तिच्या बाजूला नुसता माळा. वरच्या खोलीत मधोमध चाललं तरच डोकं वाचतं. काकांना तिथे डॉर्मर काढून हवा होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. डॉर्मर म्हणजे उतरत्या छपराचा एक तुकडा कापून तिथे उभी भिंत बाहेर काढायची, त्या भिंतीला खिडकी लावायची आणि वर वेगळं छोटं छप्पर करायचं. मग माळ्यावर माणूस ताठ उभा राहतो, उजेड येतो, पलंग-कपाट मावतं, खोली खोलीसारखी होते. रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र फक्त एक खिडकी दिसते. तिथेच सगळी भांडणं सुरू होतात.

"मॅडम, खिडकी एक," काका म्हणाले, "आणि आकडा असा की ओक ट्री रोडच्या देशी बाजारात दुकान येईल."

"काका, मी खिडकीचे पैसे मागतच नाहीये."

मग मी त्यांना जे सांगितलं ते गेली कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू एकमेकींना टेकून उभ्या असतात. एका बाजूचे वासे कापले की दुसरी बाजू आधार सुटून घराच्या भिंती बाहेर ढकलायला लागते. म्हणून आढ्याला जाड बीम घालावा लागतो. बीमचा भार कुठेतरी उतरला पाहिजे, म्हणून खांब. खांब खालच्या खोलीतून जातो, म्हणून खालची भिंत फोडा. खांबाखाली पाया पुरेसा नसतो, म्हणून तळघरात खोदा. माळ्याची जमीन मुळात जमीन नसतेच, ते खालच्या खोलीचं छत असतं. ते स्वतःचं वजन पेलतं, माणसांचं नाही. म्हणून तिथे नवे, जाड वासे. जुना जिना शिडीसारखा असतो आणि आजच्या नियमात बसत नाही. आग लागली तर उडी मारता येईल एवढी मोठी खिडकी हवी. वर हीटिंग-कूलिंग न्यायचं, वायरिंग न्यायचं. आणि हे सगळं चालू असताना घराला छप्पर नसतं, त्या दिवसांत पाऊस आला तर खालचं सगळं घर भिजतं, म्हणून ताडपत्र्या आणि घाईचे जास्तीचे कामगार. खिडकी या सगळ्यात सगळ्यात स्वस्त.

काकांनी सगळं ऐकलं. मग खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. आणखी दोन कंपन्यांची एस्टिमेट्स. माझा आकडा त्यांच्या जवळजवळ दीडपट होता.

"त्यांनाही बीम लागतो, खांब लागतो. तुमचाच बीम सोन्याचा आहे का?"

"त्यांनी माळ्याच्या आतला भाग बघितला का?"

"तिकडे काही नाही. जुन्या बॅगा आहेत."

"मलाही बघू दिला नाहीत. न बघितलेल्या जागेचे पैसे मी धरते. त्यांनी धरले नाहीत. ते काम अर्धं झाल्यावर मागतील."

हे खरं होतं, पण अर्धंच. मी जास्त आकडा धरला कारण मला त्या घरात काहीतरी खटकत होतं. बाहेरून घराला फेरी मारताना स्वयंपाकघराच्या भिंतीवर, शेजाऱ्यांच्या बाजूला, ताटलीएवढा एक गोल दिसला होता. पाटी ठोकून, वर रंग देऊन बुजवलेला. काम नीटस होतं, पण सांधा लपत नव्हता. वरच्या बुटक्या खोलीत उतरत्या भिंतीत एक कपाट होतं आणि कपाटाच्या मागच्या फळीत माळ्यावर जाणारं छोटं दार. ते उघडलं तर दारासमोरच सुटकेसची भिंत. एकावर एक, पार वरपर्यंत, आपल्या लोकांच्या असतात तशा: एअरलाइनच्या चिठ्ठ्या अजून लटकणाऱ्या, दोरीने बांधलेल्या. मी सॅलच्या शिकवणीप्रमाणे आधी वास घेतला. तिथे हिंगाचा वास होता. हिंग, मोहरी, जुनं तेल. स्वयंपाकघरात काकूंनी त्या दिवशी नुसता चहा केला होता.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "भारतीय घर आहे मॅडम, लव्हेंडरचा कसा येईल?"

आणखी एक गोष्ट होती. वरच्या खोलीला त्यांना बाहेरून वेगळा जिना हवा होता. वेगळा जिना, बुटकी खोली, परमिटची नावड: माझ्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं. आमच्या भागात कितीतरी लोक माळ्यावर विद्यार्थी ठेवतात. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली आपलीच पोरं, एकेका खोलीत तिघं-चौघं, आग लागली तर उतरायला वाट नाही. मला या प्रकाराची चीड आहे. म्हणून मी फटकन विचारलं, "काका, भाडेकरू ठेवणार आहात का?"

काका लालबुंद झाले. काकू आत होत्या, त्या दारात आल्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत.

"भाडेकरू कसला, नेहा येतेय," त्या म्हणाल्या. "आमची मुलगी. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. तिचं आणि जावयाचं मिटलंय सगळं. म्हणजे... वेगळे झालेत. नात आहे बरोबर. शाळा सुरू व्हायच्या आत यायचंय त्यांना."

"वेगळा जिना तिच्यासाठी," काका खाली बघत म्हणाले. "चाळिशी उलटलेली मुलगी परत आईबापाच्या घरात येते. उशिरा आली, लवकर गेली, तर आमच्या समोरून जायला लागू नये."

माझा संशय सपशेल चुकला होता. मी माफी मागितली. पण गाडीत बसल्यावर पुन्हा मनात आलं की जिन्याचं कारण कळलं, हिंगाचं नाही कळलं. आमचा धंदा माणसाला असा करून ठेवतो.

काकांनी मला काम दिलं नाही. पण दुसऱ्या कुणालाही दिलं नाही. उन्हाळा चढत गेला. मग एके दिवशी नेहाचाच फोन आला. इंटरव्ह्यूसाठी ती आठवडाभर आली होती.

"सुनंदा मावशी, तुमचं एस्टिमेट मी वाचलं. 'अनसीन कंडिशन्स' म्हणून तुम्ही जे पैसे ठेवलेत ना, ते नक्की काय आहे? बिकॉज बाबा इज कन्व्हिन्स्ड की तुम्ही त्यांना फसवताय."

"आतली जागा दाखव, मी ती ओळ काढून टाकते. नाहीतर तिच्यात खरा आकडा भरते."

"या मग. बाबांना मी बघते."

मी गेले तेव्हा काका जेवणानंतरच्या फेरीला बाहेर पडले होते आणि नेहाने बॅगा हलवायला सुरुवातही केली होती. उंच, केस वर बांधलेले, आईसारखा आवाज. मी तिला हातभार लावू लागले. बॅगा काढता काढता ती बोलत होती, काही मराठीत, बरंचसं इंग्रजीत. ही तिचीच खोली. त्या कपाटात तिचे कपडे असायचे. मी सहज म्हटलं, "थंडीत हे कपाट गारठत असेल." ती हसली.

"थंडीत कोट मी इथे ठेवायचेच नाही. गराजमध्ये ठेवायचे, बाबांच्या टूलबॉक्सवर. आईला वाटायचं मी वेंधळी आहे."

"गराजमध्ये का?"

"वास यायचा ना. शाळेत मुलं मला 'करी कोट' म्हणायची. फोर्थ ग्रेडमध्ये सुरू झालं, मग मिडल स्कूलपर्यंत. त्याआधी कधी कुणी काही म्हणालं नव्हतं, अचानकच. मी पर्फ्युम मारायचे, मग 'पर्फ्युम करी'." तिने एक जड बॅग माझ्याकडे सरकवली. "आईबाबांना कधी सांगितलं नाही. आई लगेच स्वयंपाक बंद करायला निघाली असती."

ती हे हसत सांगत होती, पण मला ते ऐकून वाईट वाटलं. माझी मुलं इथेच वाढली आहेत. त्यांनी मला काय काय सांगितलं नसेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

बॅगा निघाल्या. मी टॉर्च लावून आत वाकले आणि एस्टिमेटमधली ती ओळ माझ्यासमोर उभी राहिली. छपराचे वासे काळे, चिकट, तेलाचे थर चढलेले. वरच्या फळ्यांना बोट लावलं तर बोट आत गेलं, इतक्या कुजलेल्या. जागोजागी बुरशी. आणि जमिनीतून, बरोबर खालच्या शेगडीच्या वर, एक पत्र्याचा पाइप आलेला होता. तो छपरातून बाहेर जात नव्हता. माळ्यातच संपत होता, तोंड आ करून.

शेगडीवरचा पंखा धूर, वाफ, तेल ओढून घेतो आणि पाइपातून घराबाहेर टाकतो, टाकायला हवं. इथे तो ते सगळं माळ्यात टाकत होता. तीस वर्षांच्या फोडण्या, तळणं, कुकरच्या वाफा. वाफेने फळ्या कुजल्या, तेलाने वासे माखले. एक ठिणगी पुरली असती. आणि पंखा हवा ढकलतो तेव्हा ती मिळेल त्या फटीतून वाट काढते. सगळ्यात मोठी फट त्या माळ्याला एकच होती: कपाटाच्या मागचं छोटं दार.

नेहा म्हणाली, "ओ माय गॉड. हे आधीच्या मालकाने करून ठेवलंय?"

पाइपाचे सांधे मी बघत होते. साधा सुतार किंवा प्लंबर तिथे चिकटपट्टी गुंडाळून मोकळा होतो. इथे प्रत्येक सांध्याला स्टीलचा पट्टा, स्क्रूने आवळलेला, एकसारख्या अंतरावर. कारखान्यात नळ्या जोडणाऱ्या माणसाचं काम होतं ते. आणि बाहेरच्या भिंतीवर बुजवलेला गोल माझ्या डोळ्यांसमोर होता. पूर्वी पाइप तिथून बाहेर जायचा.

काका फेरीवरून परत आले. आम्ही जिन्यात काढून ठेवलेल्या बॅगा त्यांनी पाहिल्या आणि वर न येता तसेच स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आम्ही खाली गेलो. काकूंनी चहा टाकला. मी सांगितलं ते असं: छपराच्या त्या बाजूच्या फळ्या सगळ्या बदलाव्या लागतील. वासे काही बदलायचे, काही घासून त्यांवर लेप द्यायचा. बुरशी काढणारे वेगळे लोक येतील. पंख्याचा पाइप छपरातून बाहेर काढायचा. हा खर्च डॉर्मरच्या वरचा. पूर्ण रुंदीचा डॉर्मर त्यात बसणार नसेल तर छोटा काढू, एका खिडकीचा. पण कुजलेल्या छपराला डॉर्मर जोडणार नाही. कमी आकडा देणाऱ्यांनी छप्पर उघडल्यावर हेच सांगितलं असतं, तेही घर उघडं पडलेलं असताना.

"पण झालं कसं हे?" काकू म्हणाल्या. "पंखा तर मी रोज लावते. न लावता एक फोडणी केली नाही आजवर."

चहा उतू जाईपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. मी गॅस बंद केला. मला ठाऊक होतं, पण मी काकांकडे बघितलं नाही. आयुष्यभर लोकांना तोंडघशी पाडल्यावर एवढं कळतं की एखाद्या माणसाला स्वतःहून बोलायला वेळ द्यावा.

"मी वळवला तो पाइप," काका म्हणाले.

काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"शेजारची ती बाई, आठवते? कुंपणाशी म्हणाली होती, हसत हसत, 'समथिंग इज ऑलवेज कुकिंग अ‍ॅट युअर हाऊस.' तुला वाटलं कौतुक करतेय. मला नाही तसं वाटलं. पाइप त्यांच्या अंगणाकडे तोंड करून होता. नेहा त्यांच्या मुलीशी खेळायची, गल्लीत दुसरं कुणी नव्हतं तिच्या वयाचं. उद्या ती मुलगी म्हणाली, तुमच्या घराचा वास येतो, तर? तू फोर्थ ग्रेडला जायची होतीस," ते नेहाकडे वळले. "त्या उन्हाळ्यात, तू आणि आई नाशिकला गेला होतात तेव्हा, मी भोक बुजवलं आणि पाइप वर नेला. म्हटलं माळ्यात कोण राहतंय? हवा तिथेच विरून जाईल. बाहेर वास नको."

"आणि मला सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला तो ऐकवेना. "इतकी वर्षं. मी आपली ऐटीत तळतेय, पंखा लावलाय म्हणून. माझ्या स्वयंपाकाची लाज वाटली तुम्हाला."

"लाज नाही गं. भीती वाटली."

"कुणाची?"

"नेहाला कुणी काही बोलेल याची."

मी नेहाकडे बघितलं. न बघणं मला जमतच नाही. तिचा चेहरा आधी नुसता ऐकणारा होता. मग तिने वर छताकडे पाहिलं, जिथे तिची खोली होती, आणि तिचा हात टेबलावर जिथे होता तिथेच थांबला. तिने हिशोब केला होता. त्या उन्हाळ्यापर्यंत वास शेजाऱ्यांच्या अंगणात जायचा आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. त्या उन्हाळ्यानंतर तो तिच्या कोटात जायला लागला.

काका तिच्याकडेच बघत होते. "काही झालं तरी, त्यानंतर तुला कुणी काही बोललं नाही ना गं? शाळेत वगैरे?"

"नाही बाबा," नेहा म्हणाली. "नेव्हर. कुणीच नाही."

आणि लगेच माझ्याकडे वळली, "मावशी, छोटा डॉर्मर करू या. वन विंडो इज फाइन. शाळेच्या आधी होईल?"

होईल, असं मी म्हटलं. काकूंनी उठून चहा पुन्हा टाकला. त्या दिवशी त्या काकांशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि पुढेही बरेच दिवस स्वयंपाक करताना पंखा बंद आणि मागचं दार सताड उघडं ठेवत होत्या. शेजारी आता गुजराती आहेत, त्यांना काय फरक पडणार!

काम सुरू झालं. परमिट काढून, प्रत्येक ओळीवरचा काकांचा एकेक प्रश्न निस्तरून. हा स्क्रू एवढा का, ही फळी दुसऱ्या लाकडाची का नाही, कामगार जेवायला गेले तेवढ्या वेळाचे पैसे का. त्यांनी मला एकही आकडा सहज पचू दिला नाही आणि मीही एकही सोडला नाही. निवृत्तीच्या काठावर असं भांडायला मिळालं याचा मला खरं तर आनंदच होता.

छप्पर उघडलं त्या दिवशी मी बघायला गेले होते. वरच्या खोलीत पहिल्यांदाच आभाळ दिसत होतं. मजुरांनी जुनं कपाट फोडून त्याच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, कचऱ्यात टाकायला. काका हळूहळू कठडा धरत वर आले. इकडे तिकडे बघितलं, नवा बीम थोपटला, आणि मग त्या फळ्यांपाशी थांबले.

फळ्यांची बाहेरची बाजू पांढरी होती, नेहाच्या लहानपणी दिलेला रंग. आतली बाजू पिवळी पडली होती. मागच्या छोट्या दाराच्या कडेने ती तपकिरी होत गेली होती, फटीभोवती तर पार काळी. आत कपडे अडकवायचा लाकडी दांडा अजून तसाच होता. काकांनी दांड्यावरून बोट फिरवलं, अंगठ्यावर घासून बघितलं, आणि ते बोट नाकाशी नेलं.

ते केमिकल इंजिनियर होते. हवा कुठून कुठे जाते आणि तेलाचे थर कसे बसतात, हे त्यांनी जन्मभर कारखान्यांना शिकवलं होतं. त्यांना मी काय सांगणार?

तरी त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"सुनंदा," ते म्हणाले. मॅडम नाही, सुनंदा. "गरम हवा वरच जाते ना? इथे कपाटात आली नसेल ना?"

उभ्या नोकरीत मी कुणाला न बघितलेल्या गोष्टीचं खात्रीपत्र दिलं नव्हतं, आणि बघितलेल्या गोष्टीवर खोटं बोलले नव्हते. माझ्या कामाचा मला अभिमान आहे तो त्याचाच आहे.

"नाही काका," मी म्हटलं. "वरच जाते. हा डाग नुसता जुन्या व्हार्निशचा आहे."

काका वळले. मी लोकांच्या छताकडे जसं बघते तसं ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार. व्हार्निश आतल्या बाजूलाच का, दाराजवळच जास्त का.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

आणि कठडा धरून ते सावकाश खाली गेले. माझ्या एस्टिमेटमधल्या खिळ्यांवरही शंका घेणाऱ्या त्या माणसाने माझं तेवढं एकच म्हणणं पुढे काही न विचारता मान्य केलं.